आम्ही चौघं आणि एकेचाळीस स्टिकर

त्या मंगळवारी मी घरातून निघालो तो फक्त दुरुस्तीला टाकलेला कुकर आणायला, आणि बरोबर तेराव्या दिवशी पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलो होतो. (‘तेराव्या’ हा शब्द माझ्या बायकोला, उमाला, आवडलेला नाही, पण हिशेब हिशेब असतो.) मधल्या दिवसांत माझ्या हातून कुठलाही गुन्हा घडलेला नाही हे मी उमाला, पुण्याच्या लेकीला आणि ठाण्यातल्या साहेबांना सांगून दमलो आहे. आता तुम्हाला सांगतो.

कुकर युनूसभाईंकडे होता. बदलापूरच्या मांजर्लीतल्या आमच्या बाजाराच्या गल्लीत त्यांचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे. गल्लीत एकूण दुकानं चव्वेचाळीस. मी तीस वर्षं अंबरनाथच्या आनंदनगरातल्या एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, त्यामुळे मोजल्याशिवाय मला काही बघताच येत नाही. त्या दिवशी चव्वेचाळीसपैकी एकेचाळीस दुकानांवर एक नवा गोल स्टिकर होता. वर सिंहाचं उघडं तोंड, खाली ‘आपलं दुकान’, त्याखाली बारीक अक्षरात ‘गर्जना प्रतिष्ठान’. स्टिकर नव्हता तो तिघांवर : युनूसभाई, समोरचे चपलांचे दुकानदार आणि कोपऱ्यावरचे शिंपी. या तिघांत सारखं काय, हे ओळखायला क्वालिटी कंट्रोलची गरज नव्हती.

कुकर घेऊन सोसायटीच्या गेटात शिरतो तोच आमचे सेक्रेटरी अवधूत आडवे आले.

“टिपणीस, अजून तिथेच टाकता का कुकर? मेसेज नाही वाचला?”

मेसेज त्यांनी तिथेच वाचून दाखवला. खरेदी फक्त ‘आपलं दुकान’ स्टिकर असलेल्या दुकानातच करा. हा पहिला टप्पा. दुसरा टप्पा : स्टिकर नसलेल्या दुकानात जाणाऱ्यांची यादी. नगरपालिकेच्या निवडणुकीत ‘गर्जना’चे चार उमेदवार उभे होते, आणि प्रचार असा सुरू झाला होता.

“यादी? माझ्या कुकरची यादी?” मी म्हणालो.

“तसं नाही हो. पण उगाच नजरेत कशाला यायचं?”

आता इथे मी मान हलवून वर गेलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण गेटात सात माणसं होती, हातात जड कुकर होता आणि लिफ्ट बंद होती. या तिन्हीचा एकत्र परिणाम होऊन मी दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “मी याच्याविरुद्ध मोहीम काढणार आहे! स्वयंसेवक जमवणार! घरोघर जाणार!”

वर गेल्यावर उमाने विचारलं, “काय काढणार आहात?”

“मोहीम.”

“बरं,” ती म्हणाली. “आधी कुकरची शिट्टी तपासा.”

मोहिमेची पहिली पायरी म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप. ‘चला बोलूया’ हे नाव मी दिलं. दोन दिवसांत सत्तावीस सभासद झाले. त्यात आनंदनगरचे माझे दोन जुने सहकारी अंबरनाथहून, सोसायटीतले नऊ, आणि बाकीचे कुणाच्या ना कुणाच्या ओळखीचे. यापैकी एकोणीस जण फक्त सकाळी सूर्योदयाचं चित्र पाठवत. तरी आकडा मोठा होता, आणि मोठा आकडा पाहिला की मला पूर्वीपासून धीर येतो. मी रोज सविस्तर सूचना टाकू लागलो. रविवारी सकाळी दहा वाजता जमायचं. गल्लीच्या कुठल्या टोकाने सुरुवात करायची. कोण कुठल्या दुकानात बोलणार. पत्रकाचा मसुदाही टाकला : ‘ज्याच्याकडे काल माल चांगला मिळत होता, त्याच्याकडे आजही चांगलाच मिळतो. धर्म विचारून कुकर दुरुस्त होत नाही. द्वेषाला मत देऊ नका.’

सल्ल्यांचा पाऊस पडला. एकांना ‘द्वेष’ शब्द कडक वाटला, ‘गैरसमज’ सुचवला. दुसरे म्हणाले, सणवार होऊन जाऊ द्या. तिसरे म्हणाले, कुकर काढा, त्याने गांभीर्य जातं. तिसऱ्या मजल्यावरच्या पद्मजाताई, बँकेतून निवृत्त झालेल्या, फक्त एवढंच लिहून मोकळ्या झाल्या : ‘मी येते. टोपी घालून येऊ का?’

परवानगी काढायची असं मीच ठरवलं. मी कायद्याचा माणूस आहे. आचारसंहिता लागली होती, म्हणजे प्रचाराचा कागद काढायचा तर रीतसर अर्ज. कचेरी कोणती ते सांगत नाही. सगळ्याच कचेऱ्यांना आपली वाटू दे. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला आणि विचारलं, “उमेदवार कोण?”

“कोणीच नाही.”

“पक्ष?”

“नाही.”

“मग प्रचार कोणाचा?”

“कोणाचा नाही, कशाच्या तरी विरुद्ध आहे. द्वेषाच्या.”

बाईंनी अर्जावर बोट ठेवलं. “द्वेष उमेदवार आहे का? मग कसं भरू? हा रकाना मोकळा ठेवला तर कॉम्प्युटर पुढेच जात नाही.”

मी तिथे पावणेतीन तास उभा होतो. तीन खिडक्या झाल्या. दुसऱ्या खिडकीवरच्या गृहस्थांनी सुचवलं की मी स्वतःच उभा राहावं, म्हणजे रकाना भरता येईल, आणि एक क्षण, खोटं कशाला बोलू, मला ती कल्पना आवडली. शेवटी पहिल्या खिडकीच्या बाईंनाच माझी दया आली. त्यांनी माझ्या प्रतीवर ‘पोहोच’ असा शिक्का मारला. “ही परवानगी नाही बरं का. पण पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता टाका. ते नसेल तर मात्र अडकाल.” मग आवाज खाली करून म्हणाल्या, “आमच्या गल्लीत पण लावलेत स्टिकर.”

बदलापुरात छापायला कोणी तयार होईना. मजकूर वाचेपर्यंत सगळे हसतमुख, मग मशीन बिघडायचं. एका दिवसात चार मशीनं बिघडलेली मी स्वतः पाहिली. अखेर अंबरनाथपर्यंत एक रिक्षा आणि तिथून दुसरी शेअर रिक्षा करून मी उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये पोचलो. तिथे चेतनदास आहेत. कारखान्यात असताना डब्यांची लेबलं आम्ही त्यांच्याकडूनच छापून घ्यायचो, आणि वाकडी म्हणून निम्मी मीच परत पाठवायचो. त्यामुळे आमचा स्नेह जुना. मागच्या बाजूला जीन्स शिवणाऱ्या मशीनची घरघर, पुढे त्यांचा छापखाना, आणि मध्ये चष्मा कपाळावर चढवून ते.

त्यांनी मजकूर दोनदा वाचला. मी त्यांचं मशीन बिघडायची वाट बघत उभा राहिलो.

“साईं,” ते म्हणाले, “हा स्टिकर दुकानावर आहे, की दरवाजावर पण?”

“अजून दुकानावरच.”

“मेरा बाप बोलता था. उधर सिंध में, बँटवारे के टाइम, हमारे गाव में पहले किसी ने चॉक से दरवाजे पे निशान लगाया. बस, एक गोल. सबको लगा बच्चे खेल रहे हैं.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “छापतो मी. नाव पण टाकतो. पण हे वाक्य लय लांब आहे तुमचं.”

वाक्य मी लहान केलं नाही. माझाही काही अभिमान आहे.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात एक तरतरीत तरुण, कपाळावर टिळा, पायांत पांढरेशुभ्र बूट. आत येऊन त्याने आधी उमाला आणि मग मला वाकून नमस्कार केला.

“काका, ओळखलं? सुजित. गर्जनाचा वॉर्डप्रमुख. तुमच्या ग्रुपमध्ये आहे ना मी.”

माझ्या फोनमध्ये दोन सुजित आहेत. एक सुजित नळवाले, ज्यांच्याकडे फार मोठा जनसंपर्क आहे म्हणून मला त्यांना ग्रुपमध्ये घ्यायचं होतं. दुसऱ्या सुजितचा नंबर गेल्या वर्षी पुराच्या मदतीच्या वेळी घेतलेला. मी घेतलं होतं ते दुसऱ्याला. आठ दिवस माझ्या प्रत्येक सूचनेला पहिला अंगठा त्याचाच यायचा, आणि मी उमाला सांगत होतो, बघ, नळवाला असून काय तळमळ आहे.

“छान लिहिलंय काका,” सुजित चहाचा कप हातात घेत म्हणाला. “चौथ्या ओळीत एक वेलांटी चुकलीये. रविवारी दहा वाजता ना? उन्हात नका फिरू हो. तुम्हाला बीपीची गोळी आहे.” मग भिंतीवरच्या फोटोकडे बघून, “अनुयाताई अजून पुण्यातच ना? वाकडला. एकट्याच राहतात.”

तो अगदी सहज बोलत होता. बिस्किट खाताना त्याने खाली सांडलेला चुरा बोटाने टिपून बशीत ठेवला. जाताना पुन्हा नमस्कार केला.

दार लागल्यावर मी कडीही लावली. वाकड त्याला कोणी सांगितलं? बहुतेक मीच, ग्रुपवर, लेकीच्या नव्या घराचा फोटो टाकताना.

संध्याकाळपर्यंत सुजित ग्रुपमध्ये असल्याची बातमी ग्रुपमध्येच फुटली आणि सभासद बाहेर पडू लागले. एकाच्या मेहुण्याचं लग्न निघालं. दोघांची गुडघेदुखी एकाच दिवशी उपटली. अंबरनाथच्या एका मित्राने ‘मनाने तुमच्याबरोबर’ असं लिहून देहाने ग्रुप सोडला. सत्तावीसचे सहा उरले, आणि त्यातला एक सुजित होता.

मी युनूसभाईंकडे गेलो. मला वाटलं, ज्यांच्यासाठी एवढं चाललंय ते तरी पाठीवर हात ठेवतील. ते मिक्सरचं भांडं घासत होते. वर न बघता म्हणाले, “टिपणीससाहेब, हे तुम्ही थांबवा.”

“अहो, पण तुमच्यासाठीच तर—”

“मी सांगितलं होतं का? गाळामालक काल येऊन गेला. महिनाअखेर गाळा रिकामा करा म्हणाला. तुमचं पत्रक निघालं की म्हणेल, उद्याच करा. पत्रकात कुकर आहे म्हणे. गल्लीत कुकरवाला मी एकटा.” मग त्यांनी वर पाहिलं. “तुम्ही रविवारी पत्रक वाटाल आणि घरी जेवायला जाल. मी सोमवारी इथेच बसणार आहे.”

मला राग आला. खरं म्हणजे लाज वाटली होती, पण ती रागासारखी बाहेर आली. मी तडक निघालो, आणि शनिवारी सकाळी उमा बाजारात गेलेली बघून चेतनदासांना फोन लावला. छपाई थांबवा म्हणून सांगणार होतो. फोन लागला नाही. मग अनुयाला लावला. तिला सगळं सांगितलं : सुजित, वाकड, बिस्किटाचा चुरा.

“बाबा, तुम्ही मला विचारताय की सांगताय?”

“म्हणजे?”

“म्हणजे थांबायचं तुमचं ठरलंय आणि माझं नाव पुढे करताय, असं आहे का? तसं असेल तर माझं नाव काढा. मी आज इथल्या पोलिसांकडे तक्रार देते आणि आठ दिवस माझ्या मैत्रिणीकडे, ऋताकडे, राहायला जाते. तुमचं तुम्ही ठरवा.”

फोन ठेवला तेव्हा उमा भाजीची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. पिशवीतून कोथिंबीर काढली आणि निवडायला बसली. निवडता निवडता म्हणाली, “तुम्ही नाही आलात तरी मी आणि पद्मजा जाणार आहोत. तुमची पोळी झाकून ठेवीन.”

छत्तीस वर्षांच्या संसारात माझा इतका शांतपणे अपमान कधी झाला नव्हता.

रविवारी दहा वाजता गल्लीच्या तोंडाशी आम्ही तिघं होतो. मी, उमा आणि टोपी घातलेल्या पद्मजाताई. सव्वादहाला रिक्षातून चेतनदास उतरले, पत्रकांचे दोन गठ्ठे घेऊन. माल पोचवून ते परत जाणार होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग मागे पाहिलं, मग विचारलं, “बाकीचे?”

“एवढेच,” उमा म्हणाली.

त्यांनी रिक्षावाल्याला जा म्हणून खूण केली आणि एक गठ्ठा स्वतःच्या काखेत मारला.

पहिलं दुकान किराण्याचं. मालकाने पत्रक वाचलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “मला कुठे हवाय हो स्टिकर. पण आधी शेजाऱ्याने काढू दे.” शेजारी भांड्यांचा. तो म्हणाला, “किराणावाल्याने काढला की काढतो.” कापडवाला म्हणाला, गल्लीने ठरवलं तर मी गल्लीबरोबर. मी मोजत होतो : अकरा दुकानं झाली, अकराही जणांना स्टिकर नको होता, आणि अकराही जणांना बारावा व्हायचं होतं.

बारावं दुकान म्हणजे जमिनीवर पोतं पसरून बसलेल्या वेणूबाई. पलीकडच्या गावच्या, स्वतःच्या शेतातली भाजी विकतात. त्यांचा स्टिकर तागडीच्या दांडीवर होता.

“मना कोनी इचारला?” वेणूबाई म्हणाल्या. “मी भाकर खात बसलेली. पोरा आली न चिटकवून गेली. त्या कुकरवाल्यानं माझे पोरीचे लग्नान सगली भांडी नीट करून दिली. त्याचे वाटेला कशाला जायचा?”

“मग इथे सही कराल? आम्हाला स्टिकर नको, असं लिहू.”

“करीन. पन पयला नाव माझा नको घालू.”

सगळं घोडं इथेच अडत होतं. दुसरं नाव द्यायला सारी गल्ली तयार होती. पहिलं कोणी देईना. मी म्हणालो, पहिलं नाव माझं टाकतो. उमा म्हणाली, तुमचं या गल्लीत दुकान आहे का? मग तिने वेणूबाईंच्या तागडीचं एक पारडं उचललं, कोऱ्या कागदावर पालथं ठेवलं आणि पेनाने भोवती गोल काढला. मध्ये लिहिलं : ‘आम्हाला न विचारता लावलेला स्टिकर आम्हाला नको. गिऱ्हाईक आमचं, दुकान आमचं.’

“आता या गोलावर चहूबाजूंनी नावं लिहायची,” ती म्हणाली. “पहिलं कुठलं ते मलाही कळणार नाही.”

वेणूबाईंनी आपलं नाव गोलाच्या खालच्या अंगाला काढलं, एकेक अक्षर जोडत. किराणावाल्याने वर. भांडीवाल्याने आडवं. मग मात्र कागद चालू लागला. तासाभरात एकोणतीस सह्या झाल्या. पद्मजाताई टोपीने वारा घेत होत्या. चेतनदास एका दुकानदाराला सांगत होते की वाक्य लांब आहे पण माणूस चांगला आहे. मला इतका आनंद झाला होता की कागद मी दोन्ही हातांत उंच धरून गल्लीच्या मधोमध चालत निघालो.

समोरून सुजित आला. बरोबर पंधराएक पोरं.

“दाखवा काका,” म्हणून त्याने तो कागद माझ्या हातातून अलगद घेतला. ओढला नाही, घेतला. तो वाचू लागला. नावं वाचायला त्याला कागद फिरवावा लागत होता. त्याने एक पूर्ण फेरी केली, मग दुसरी.

“पहिली सही कोणाची?”

मागच्या पोरांनी युनूसभाईंच्या दुकानासमोर कडं केलं होतं. युनूसभाई आत, हातात पाना, उभे होते.

“राहू दे,” सुजित हसला. “सगळीच आहेत ना.” त्याने कागदाची नीट घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. “थँक्यू काका. यादी करायचं आमचं काम तुम्हीच केलंत.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसरा टप्पा : यादी. उमाच्या सुवाच्य अक्षरातल्या मजकुरासकट एकोणतीस नावं मी स्वतः त्याच्या हातात दिली होती. दोन्ही बाजूंनी दुकानदार माझ्याकडे बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. किराणावाल्याने शटरला हात घातला. उमा पुढे होऊ लागली, पण सुजितची दोन पोरं तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला धरलं नाही, नुसती उभी राहिली.

मी म्हणालो, “सुजित, तो कागद माझा आहे.”

“ग्रुपमध्ये टाकतो ना काका. सगळ्यांना मिळेल.”

मागून कोणीतरी त्याच्या बाहीला धरलं. वेणूबाई होत्या. तागडी तशीच हातात.

“कागद दे.”

“मावशी, बाजूला व्हा.”

“त्येच्यावर माझा नाव हाय. माझा नाव तुझे खिशान कशाला?”

“मावशी, तुमचा पोरगा अक्षय आमच्याबरोबर असतो. कशाला त्याला—”

“अक्षयचा नाव नाय त्येच्यावर. माझा हाय. मी काढलाय ता, माझे हातानं. दे.”

सुजितला म्हाताऱ्या बाईला ढकलता येईना. इतक्या लोकांसमोर नाही. तो थांबला, आणि त्या थांबण्यातच काहीतरी झालं. भांडीवाला ओट्यावरून खाली उतरला. “माझंही आहे त्यात. मला परत पाहिजे.” मग कापडवाला. मग किराणावाला, शटर अर्धं टाकून. “माझं नाव दे.” “माझं पण.” कोणी ओरडत नव्हतं. प्रत्येक जण उधार नेलेली वस्तू मागावी तसं आपापलं नाव मागत सुजितभोवती जमत होता. त्यातल्या एकालाही पाच मिनिटांपूर्वी पहिलं व्हायचं नव्हतं.

सुजितच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला. त्याने खिशातून कागद काढून वेणूबाईंच्या पोत्यावर फेकला. तेवढ्यात त्याच्या एका पोराने रागाने लाथ मारली ती युनूसभाईंच्या दुकानाबाहेर मांडलेल्या कुकरांना. चौदा कुकर गल्लीभर गडगडत गेले. तो आवाज ऐकूनच बहुधा नाक्यावरची पोलिसांची गाडी आत आली.

गाडीत आम्हाला बसवलं. कारण पत्रकावर प्रकाशक म्हणून माझं आणि छापणारे म्हणून चेतनदासांचं नाव-पत्त्यासकट होतं, कायद्याप्रमाणे. उमा आणि पद्मजाताई आपण होऊन चढल्या.

ठाण्यातले साहेब तरुण आणि फार थकलेले होते. सुजितची तक्रार आमच्या आधी पोचली होती : बेकायदा जमाव जमवून दुकानदारांवर दबाव आणला. मी माझा ‘पोहोच’चा शिक्का दाखवला. त्यांनी तो बघून बाजूला ठेवला.

“तुम्ही किती जण होतात?”

“चार,” मी म्हणालो.

“नक्की? चारच?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “बेकायदा जमाव व्हायला पाच लागतात. चौघांचा जमाव होत नाही. मग तुम्हाला समज देतो आणि सोडतो. सही करा आणि जा घरी.”

आयुष्यात पहिल्यांदा लहान आकड्याने मला सुख दिलं. ग्रुपमधल्या बाकीच्यांनी दगा दिला नसता तर आम्ही आत गेलो असतो. मी पेन उचललं, आणि दारातून आवाज आला.

“पाचवा मी.”

युनूसभाई होते. दुकानाचा डगला तसाच अंगात, हातात चेपलेला कुकर. मी त्यांना डोळ्यांनी नको-नको करत होतो. चेतनदासांनी तर उघड हात जोडले.

साहेब म्हणाले, “तुम्ही त्यांच्याबरोबर पत्रकं वाटत होतात?”

“नाही.”

“मग पाचवे कसे? उगाच अडकू नका. घरी जा.”

“साहेब, तेरा दिवस माझ्या नावाने सगळं चाललंय. स्टिकर लागला नाही तो माझ्यावर. पत्रक निघालं ते माझ्यावर. लाथ बसली ती माझ्या कुकरांना. आणि सह्या घेत गल्लीभर फिरले हे, तर माझ्या दुकानावरून पुढे गेले. मला कोणी विचारलं नाही, सही करता का म्हणून.” ते हे माझ्याकडे बघत बोलत होते. “मला समज द्यायची असेल तर द्या. पण माझी तक्रार पण लिहून घ्या. नाव सांगतो. युनूस. कुकर चौदा.”

उमाने वळून माझ्याकडे पाहिलं. खरंच मी विचारलं नव्हतं. शुक्रवारी मी रागावून निघून आलो होतो, आणि रविवारी त्यांच्या दुकानासमोरून मान खाली घालून, कागद छातीशी धरून पुढे गेलो होतो. त्यांना त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. तीस वर्षं इतरांच्या मालावर नापासाचे शिक्के मारलेल्या माणसाला हे दोन शब्द किती जड जातात हे सांगून कळणार नाही.

साहेबांनी बराच वेळ डोळे चोळले. मग नवा कागद घेतला. “बसा. तक्रार आधी लिहितो. साक्षीदार आहेत?”

पद्मजाताईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “एक तर मी आहे,” त्या म्हणाल्या. “आणि गल्लीत विचारा. आज तरी बरेच निघतील.”

निघाले तिघं. बरेच नाहीत, पण तिघं. समज आम्हा चौघांनाच मिळाली. युनूसभाईंना साहेबांनी पाचवं धरायला शेवटपर्यंत नकार दिला.

सोमवारी सकाळी वेणूबाईंची तागडी मोकळी होती. बुधवारपर्यंत एकोणतीसपैकी एकवीस स्टिकर निघाले. आठ जणांनी सही केली पण स्टिकर ठेवला, माणसं तशी असतात. सुजितची पोरं नवे स्टिकर घेऊन आली तेव्हा दुकानदारांनी त्यांना सांगितलं, उद्या या. दुसऱ्या दिवशीही सांगितलं, उद्या या. अनुया आठ दिवसांनी आपल्या घरी परतली. निवडणुकीत ‘गर्जना’चे चारपैकी दोन निवडून आले, त्यातला एक आमच्याच वॉर्डातला. तेव्हा आम्ही जिंकलो असं मी म्हणणार नाही. अवधूत तर मला अजून लिफ्टमध्ये टाळतात. पण महिनाअखेर आली आणि गेली. गाळामालक येऊन ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणून गेला, आणि युनूसभाई सोमवारी तिथेच बसले होते, त्याच्या पुढच्या सोमवारीही.

मागच्या आठवड्यात नव्या नगरसेवकाने शाळांच्या बाहेरच्या खाऊवाल्यांना स्टिकर लावायचं जाहीर केलं. आमच्या घरी बैठक झाली. दिवाणखान्यात अकरा माणसं होती, मी मोजली. मी पत्रकाचा मसुदा वाचायला घेतला तर युनूसभाईंनी हात पुढे करून कागद माझ्याकडून घेतला.

“या वेळी मजकूर मी लिहितो.”

“बरं होईल,” उमा चहा देत म्हणाली. “यांची वाक्यं संपत नाहीत.”